मोरिकुबो, ला क्रॉसचा खटला आणि कायरोप्रॅक्टिकची मान्यता

मुठाकाठचा

आयोवातलं डेव्हनपोर्ट आणि नदीपलीकडचं मोलीन हा सगळा क्वाड सिटीजचा परिसर. जॉन डीअर या ट्रॅक्टर कंपनीच्या कामासाठी पुण्याहून आलेली मराठी मंडळी इथे बरीच आहेत. डेव्हनपोर्टला ब्रेडी स्ट्रीटचा चढ चढताना पामर कॉलेज लागतं आणि गाडीत कुणीतरी हमखास ऐकवतं, 'कायरोप्रॅक्टिकचा जन्म इथला!' कायरोप्रॅक्टिक म्हणजे मणके हातांनी झटका देऊन बसवण्याची उपचारपद्धत. पाठोपाठ हार्वी लिलार्डची कथा येतेच. साल १८९५. इमारतीत साफसफाई करणारा, ऐकू कमी येणारा लिलार्ड. डॅनियल डेव्हिड पामरने त्याचा मणका दाबला आणि त्याला रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकू यायला लागला म्हणे.

ही कथा खरी की खोटी यावर भरपूर वाद झालेत, तो विषय इथे नको. मला कुतूहल आहे ते शेगातारो मोरिकुबो या माणसाचं. टोकियोचा. पामरच्या शाळेत शिकला आणि इथून नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या ला क्रॉस (विस्कॉन्सिन) गावात दवाखाना थाटला. १९०७ मध्ये त्याच्यावर खटला भरला गेला. आरोप होता विनापरवाना ऑस्टिओपॅथी (हातांनीच हाडं-सांधे हाताळणारी दुसरी उपचारपद्धत) केल्याचा. तो निर्दोष सुटला, आणि त्याचा बचाव ज्या धर्तीवर झाला तीच धर्ती पुढची कित्येक वर्षं अमेरिकाभर कायरोप्रॅक्टर वापरत राहिले.

शाळा काढली, नाव गाजवलं, पुतळे उभे राहिले ते पामर बापलेकांचे. पण 'हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे' हे पहिल्यांदा कोर्टात टिकलं ते मोरिकुबोच्या जिवावर. तेव्हा माझं मत असं, की मान्यतेच्या लढाईचं पहिलं श्रेय त्याचं. तुम्हाला पटतं का? आणि उपचारपद्धतीला मान्यता कोर्टातून मिळवणं हा प्रकार तुम्हाला कसा वाटतो?

झंपूताई

इतिहास रात्री निवांत वाचते. आधी एवढंच सांगा, उसण भरलीय तर जाऊ का नको? :)

विदा_हवा

झंपूताई, साधी उसण असेल तर बहुतेकदा आपोआप उतरते. हिंडत्या-फिरत्या राहा. पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला, ताप आला तर मात्र धागा वाचत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

आता मूळ विषय. लेखकमहाशय, 'मान्यता' या एका शब्दात तुम्ही दोन गोष्टी घालताय. ज्युरीने मोरिकुबोला सोडलं म्हणजे त्याची पद्धत उपयोगी ठरली असं नव्हे. पामरचा दावा होता की पंचाण्णव टक्के आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. त्या दाव्याची तपासणी त्या कोर्टात झालीच नाही. कोर्टापुढचा प्रश्न होता, हा माणूस ऑस्टिओपॅथी करत होता का? तो करत नव्हता. संपलं.

काळा_कोट

विदा_हवा यांनी नेमकं बोट ठेवलंय, पण मला त्यात वाईट काही दिसत नाही. फौजदारी खटल्यात आरोपीने आपला उपचार गुणकारी असल्याचं सिद्ध करायचंच नसतं. सरकार म्हणतं, तू अमुक गुन्हा केलास. आरोपीने म्हणायचं, मी ते केलंच नाही.

त्या काळची चौकट बघा. औषध देत नाही, म्हणजे 'वैद्यकी' लावता येत नाही. सुरी लावत नाही, म्हणजे 'शस्त्रक्रिया' लावता येत नाही. राहिली ऑस्टिओपॅथी. तीही हातानेच करायची आणि तिच्यासाठी विस्कॉन्सिनमध्ये परवाना लागायचा. कायरोप्रॅक्टरला गुंतवायला ही सगळ्यात सोयीची खुंटी. तक्रारही ऑस्टिओपॅथांच्या गोटातूनच आली होती. बाहेरच्या माणसाला दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, कारण दोघेही रुग्णाला पालथा झोपवतात आणि पाठीवर दाब देतात.

मोरिकुबोचा वकील टॉम मॉरिस. साधासुधा नव्हे, राज्याच्या सिनेटवर होता, पुढे विस्कॉन्सिनचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. त्याने युक्तिवाद केला तो मुळातल्या कल्पनेवर. ऑस्टिओपॅथीचा प्रवर्तक अँड्र्यू टेलर स्टिल रक्ताभिसरणाला सगळ्याचं मूळ मानायचा. हाडाने रक्तवाहिनी अडली की आजार. कायरोप्रॅक्टर म्हणायचे की मणक्याने मज्जातंतू अडतो. शिवाय हातांची पद्धतही वेगळी. ऑस्टिओपॅथ हातपाय धरून लांब तरफ घेणार, हे थेट मणक्याच्या टोकावर झटका देणार. विचार वेगळा, शास्त्र वेगळं, कौशल्य वेगळं. ज्युरीला निकालाला फार वेळ लागला नाही.

आडकित्ता

थोडक्यात, 'साहेब, मी गावठी विकतच नाही, मी तर ताडी विकतो.'

काळा_कोट

आडकित्ताभाऊ, ताडीलाही परवाना लागतो. पण हो, आशय तोच.

रेवा_जो

मुठाकाठचा, तुमच्या पहिल्या क्रमांकाला माझा आक्षेप. मोरिकुबोच्या आधी सोलन लँगवर्दी होऊन गेला. पामरचाच विद्यार्थी. त्याने १९०३ मध्ये डेव्हनपोर्टपासून फार लांब नसलेल्या सीडर रॅपिड्सला स्वतःची शाळा काढली. मासिक काढलं, अभ्यासक्रम पद्धतशीर बांधला. त्याच्या पुढाकाराने कायरोप्रॅक्टरना परवाने देण्याचं विधेयक १९०५ मध्ये शेजारच्या मिनेसोटाच्या विधिमंडळापर्यंत पोचलं. आणि ते हाणून पाडायला कोण धावलं? खुद्द डी. डी. पामर! गव्हर्नर जॉन्सनला गाठून नकाराधिकार वापरायला लावला. त्याच्या मते लँगवर्दी निसर्गोपचार वगैरे मिसळून भेसळ करत होता. कायदा झाला असता तर भेसळवाल्यांच्या हाती चाव्या गेल्या असत्या.

गंमत पुढेच आहे. १९०६ मध्ये लँगवर्दीने ओकली स्मिथ आणि मिनोरा पॅक्सन यांच्यासोबत 'मॉडर्नाइझ्ड कायरोप्रॅक्टिक' हे दोन खंडांचं पुस्तक काढलं. या विषयावरचं पहिलं पाठ्यपुस्तक. ला क्रॉसच्या खटल्यात 'आमचं शास्त्र वेगळं' हे दाखवायला मॉरिसने याच पुस्तकाचा आधार घेतला असं इतिहासकार सांगतात. पामरच्या विद्यार्थ्याला वाचवलं पामरच्या हाडवैऱ्याच्या पुस्तकाने.

आडकित्ता

हाडवैरी! शब्द काय अचूक पडलाय. 😂

चकली_भाजणी

म्हणजे तिकडेही आपल्यासारखीच भाऊबंदकी. संस्था एक, फुटून निघालेल्या चार, आणि प्रत्येकाच्या पाटीवर 'मूळ व अस्सल'.

मुठाकाठचा

रेवा_जो, मिनेसोटाचा मुद्दा वजनदार आहे. पण लँगवर्दीचं विधेयक पडलं आणि मोरिकुबो जिंकला, हा फरक उरतोच.

शिवाय मोरिकुबोने काय पणाला लावलं तेही बघायला हवं. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जपानी मुलांना वेगळ्या शाळेत घालण्याचा आदेश निघाला. १९०७ मध्ये जपान-अमेरिका समझोता होऊन जपानी मजुरांचं येणं थांबवलं गेलं. जपान्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळणार नाही यावर १९२२ मध्ये ओझावा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. असल्या वातावरणात मिडवेस्टातल्या गावात, गोऱ्या ज्युरीसमोर एक जपानी माणूस आरोपी म्हणून उभा. डी. डी. पामर आदल्याच वर्षी डेव्हनपोर्टच्या तुरुंगात जाऊन आला होता. दंड होता ३५० डॉलर. तो भरणार नाही म्हणून ताठ्यात आत गेला आणि २३ दिवसांनी दंड भरून बाहेर आला. पामरला सुटल्यावर जायला घर होतं, शाळा होती. मोरिकुबोवर शिक्का बसला असता तर त्याच्याकडे काय होतं?

काळा_कोट

इथे थोडं पाणी ओततो. मोरिकुबो एकटा लढला असं चित्र उभं राहतंय, ते तसं नव्हतं. थोरला पामर तुरुंगातून आल्यावर त्याच वर्षी युनिव्हर्सल कायरोप्रॅक्टर्स असोसिएशन निघाली. धाकटा पामर, बी. जे., तिचा कर्ताधर्ता. सभासदावर खटला झाला तर वकील संघटना देणार, हाच तिचा मुख्य उद्देश. मॉरिस पुढे तिचा कायमचा वकील झाला. त्याने आणि त्याचा भागीदार हार्टवेलने मिळून राज्याराज्यांत कायरोप्रॅक्टरांचे खटले लढवले. ला क्रॉसला जमलेला बचाव पुढे ठिकठिकाणी चालवला, साक्षीदार तेवढे बदलायचे. साक्षीदार म्हणजे बरे झालेले रुग्ण. गावच्या ज्युरीपुढे गावचाच शेतकरी 'माझी कंबर याने सरळ केली' म्हणून सांगतो, तेव्हा सरकारी वकिलाने काय बोलायचं?

विदा_हवा

तेच तर! 'माझी कंबर सरळ केली' हा पुरावा नव्हे. कंबर आपोआपही सरळ होते, वर झंपूताईंना तेच सांगितलं.

झंपूताई

झाली थोडी सरळ. पण श्रेय मी शेकाच्या पिशवीला देणार.

पन्हाळकर_वस्ताद

आमच्याकडं कोल्हापुरात कोर्टबिर्ट काय लागलं नाही. तालमीत वस्तादच सांधा बसवायचे. खांदा निखळला की पोराला मातीतच बसवायचं, बोलण्यात गुंतवायचं, 'काय रं, दूध कुणाकडचं घेतोस?' त्यानं तोंड उघडायच्या आत कट्ट. आमचे आजोबा गावचे हाडवैद्य होते. मोडलेल्या हाताला बांबूच्या कामट्या, अंड्याच्या पांढऱ्यात बुडवलेली फडकी, वरनं सुतळी. वाळलं की दगडागत घट्ट. पैसे घेत नव्हते, नारळ घ्यायचे.

आता खरं सांगतो. काही हात झकास जुळले, काही कायमचे वाकडे राहिले. वाकड्या हातवाली माणसं आजोबांचं नाव कुणाला सांगायला येत नव्हती.

विदा_हवा

वस्ताद, शेवटचं वाक्य सोन्यासारखं. ज्युरीसमोर जे साक्षीदार आलेच नाहीत, त्यांचं हेच.

वैद्य_सातारकर

मान्यतेच्या लढाईचं म्हणाल तर आपल्याकडचा दाखला हाताशी आहे. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली आणि वैद्य-हकीम बाहेर राहिले. १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यवसायी कायद्याने वैद्य, हकिमांची नोंदवही सुरू झाली. देशात असा पहिला कायदा मुंबईचा.

पण फरक लक्षात घ्या. आमच्या मंडळींनी मान्यता मागितली ती ग्रंथांच्या आणि परंपरेच्या बळावर, 'आम्ही तुमच्या आधीपासून आहोत' म्हणून. मोरिकुबोच्या वेळी कायरोप्रॅक्टिकला धड बारा वर्षं झाली होती. त्यांना जुनेपणाचा दावा करता येत नव्हता, म्हणून त्यांनी वेगळेपणाचा केला.

ठाण्याची_फिजिओ

वाचनमात्र राहणार होते पण राहवेना. रोज कुणीतरी मोबाइल पुढे करून रील दाखवतं, 'मॅडम, असं कडाकड करून द्या ना.' तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा आवाज असतो. बोटं मोडताना येतो तोच. आवाज आला म्हणजे उपचार झाला आणि नाही आला म्हणजे नाही झाला, असं काहीही नसतं.

कायरोप्रॅक्टिक शिकलेल्या माणसावर माझा राग नाही. अमेरिकेत आधी काही वर्षं कॉलेज, मग साधारण चार वर्षांचा अभ्यासक्रम, परीक्षा, परवाना, सगळं आहे. राग आहे तो शनिवार-रविवारचं शिबिर करून मान मोडायला बसणाऱ्यांवर. मानेला झटका दिल्यावर तिथली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. प्रमाण विरळ, झटक्यामुळेच झालं का यावर वादही आहे. पण नोंदणी नसेल तर जाब कुणाला विचारायचा? तेव्हा मान्यता म्हणजे नुसता सन्मान नव्हे, मान्यता म्हणजे कुणीतरी तुमचा कान धरू शकतं. मोरिकुबोच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हाही हिशेब मांडावा.

जर्सीचा_जावई

+१ फिजिओ मॅडम. इकडे न्यू जर्सीत विम्यात बसतं म्हणून गेलो होतो. माणूस छान, हात हलका, कंबरेला खरंच बरं वाटलं. मग त्याने एक्स-रे लावून दाखवला, पाठीचा कणा 'सी'सारखा झालाय म्हणाला, आणि वर्षभराच्या भेटींचं पॅकेज काढलं. सोबत बायको-मुलांना सवलत! मुलगा चार वर्षांचा. मी चहाचा कप तिथेच ठेवून निघालो.

चकली_भाजणी

जावईबापू, चहा मिळाला होता हे मान्य केलंत, छान.

अवांतर: डेव्हनपोर्टच्या धाकट्या पामरचा रेडिओ होता ना? रोनाल्ड रेगन तिथे निवेदक होता असं वाचलंय.

मुठाकाठचा

हो, डब्ल्यूओसी. बी. जे. ने १९२२ मध्ये ते केंद्र घेतलं. रेगनची रेडिओतली सुरुवात तिथलीच, १९३२ च्या सुमारास. बी. जे. म्हणजे वेगळंच प्रकरण. शाळेच्या भिंतींवर सुविचार रंगवलेले, बागेत जगभरातल्या मूर्ती, आणि १९२४ मध्ये मणक्याचं तापमान मोजून दोष सांगणारं यंत्र आणलं. ते विकत मिळायचं नाही, जबर भाडं भरून घ्यायचं. त्यावरून त्याची स्वतःचीच माणसं त्याला सोडून गेली.

रेवा_जो

आता मुळाकडे येते, कारण फिजिओ आणि विदा_हवा यांच्या बोलण्यातून मला एक धागा दिसतोय.

ला क्रॉसला जो बचाव जिंकला त्याचं सार 'आम्ही वैद्यक करतच नाही' असं होतं. आम्ही रोगाचं निदान करत नाही, रोगावर उपचार करत नाही, फक्त मणक्याचा दोष शोधून दुरुस्त करतो. कोर्टात हे वाक्य सोन्याचं. पण एकदा ते म्हटल्यावर त्याला जागणं आलं. पुढे ज्यांना निदान शिकायचं होतं, रक्त तपासायचं होतं, शेक-मालीश-आहार जोडायचा होता, त्यांना बी. जे. म्हणणार, थांबा, तुम्ही असं केलंत की उद्या सरकारी वकील म्हणेल हे तर वैद्यकच. नुसत्या मणक्यावाले एकीकडे, मिसळवाले दुसरीकडे, आणि हा तंटा पिढ्यान् पिढ्या चालला. वकिलाने सुटकेसाठी आखलेली रेघ व्यवसायाची कुंपणभिंत झाली.

शिवाय विस्कॉन्सिननेच १९२५ मध्ये नवा डाव टाकला. परवाना हवा तर शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र वगैरेची परीक्षा आधी द्या, मग तुमची पद्धत कोणतीही असो. कनेक्टिकटनेही त्याच वर्षी असाच कायदा केला, पुढे इतर राज्यांनी कित्ता गिरवला. त्या परीक्षेत कायरोप्रॅक्टर धडाधड नापास व्हायचे. वेगळेपणाचा बचाव तिथे चालत नव्हता. शेवटी शाळांना अभ्यासक्रम सुधारावाच लागला.

म्हणून म्हणते, मोरिकुबोने दार उघडलं हे खरं, पण शिकवण्याचा दर्जा वाढवून मान्यता मिळवायचा लँगवर्दीचा रस्ता पुढे सगळ्यांना घ्यावाच लागला.

मुठाकाठचा

रेवा_जो, दाद! तरी मी मत बदलत नाही. १९०७ मध्ये तो आत गेला असता तर अभ्यासक्रम सुधारायला शाळा उरली असती का? जिवंत राहणं आधी, शहाणपण नंतर.

वैद्य_सातारकर

लिलार्ड कृष्णवर्णीय होता आणि कोर्टात पहिला मोठा विजय मिळवून देणारा जपानी, ही नोंद कुणी केली नाही म्हणून करतो. त्याच पामर शाळेने पुढे कित्येक वर्षं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारला. पुतळे कुणाचे लागतात, यावर मुठाकाठचा यांनी सुरुवातीला जे म्हटलं त्यात हे धरावं.

झंपूताई

आज सगळं वाचून काढलं. मला तो दंड न भरता तुरुंगात गेलेला पामर जास्त आवडला. असे आणखी कुणी गेले का?

मुठाकाठचा

गेले ना, कॅलिफोर्नियात. दंड भरायचा नाही, तुरुंगात जायचं, अशी तिथे चळवळच झाली. टुलियस रॅटलेज नावाचा लॉस एंजेलिसचा शाळाचालक १९१६ मध्ये ९० दिवसांची शिक्षा होऊन आत गेला. ओळखीच्यांनी परवाना मिळवून देण्याची तयारी दाखवली तरी औषधवाल्या मंडळाचा परवाना नको म्हणाला. स्त्रियाही गेल्या. १९२२ मध्ये तिथे मतदारांनी थेट मतदानाने कायरोप्रॅक्टिकचा कायदा मंजूर केला, विधिमंडळाला वळसा घालून.

आडकित्ता

जेलभरो. आपल्याकडे १९२२ ला नेमकं तेच चाललं होतं, कारण तेवढं वेगळं.

काळा_कोट

कोर्टातून मान्यता मिळवणं कसं वाटतं, या मूळ प्रश्नाला अजून कुणी नीट हात घातला नाही, म्हणून लिहितो.

ज्युरीने सोडणं ही मान्यता नव्हेच. ती एका माणसाची सुटका. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात दुसऱ्याला पकडता येतं, आणि पकडायचेही. कायद्याने मान्यता द्यायला सुरुवात केली कॅन्ससने, १९१३ मध्ये. मग एकेक राज्य. न्यूयॉर्क १९६३, मॅसॅच्युसेट्स १९६६, सगळ्यात शेवटी लुइझियाना १९७४. म्हणजे ला क्रॉसनंतर सदुसष्ट वर्षं.

लुइझियानाची कहाणी तर मोरिकुबोच्या नेमकी उलट. तिथे इंग्लंड नावाच्या कायरोप्रॅक्टरने आणि सहकाऱ्यांनी आपण होऊन केंद्रीय न्यायालयात दावा लावला की वैद्यक मंडळाच्या अटी आम्हाला लावू नका. प्रकरण राज्य आणि केंद्र अशा दोन न्यायालयांत चेंडूसारखं फिरलं, १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथला निकाल आजही अमेरिकेतल्या कायद्याच्या वर्गात शिकवतात, पण तो कोणत्या कोर्टात कधी जायचं याबद्दल! कायरोप्रॅक्टिकच्या मुद्द्यावर मात्र ते हरले. वेगळेपणाचा युक्तिवाद ज्युरीला पटायचा, न्यायमूर्तींना पटला नाही. ज्या राज्यात हरले तिथेच दहा वर्षांनी विधिमंडळाने कायदा करून दिला.

आणि १९७६ मध्ये चेस्टर विल्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनवर टाकलेला दावा. ते जिंकले, १९८७ मध्ये. पण तिथेही न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी कायरोप्रॅक्टिक गुणकारी आहे असं कुठेही म्हटलं नाही. डॉक्टरांच्या संघटनेने मिळून बहिष्कार टाकला, तो स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग होता, एवढंच.

विदा_हवा

बघा! ला क्रॉसला आणि विल्कच्या दाव्यात, दोन्ही वेळा जिंकले, दोन्ही वेळा मुख्य प्रश्न कोर्टाच्या दाराबाहेर बसून राहिला. त्याचं उत्तर नंतर चाचण्यांनी दिलं. कंबरदुखीवर मणक्याच्या हातोपचाराचा बेताचा फायदा, व्यायाम वगैरे इतर उपायांच्या आसपास. अमेरिकन फिजिशियनांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत तो एक पर्याय म्हणून आहे. बहिरेपणा, दमा, मुलांची पोटदुखी वगैरेंसाठी मात्र भरवशाचा पुरावा नाही.

पन्हाळकर_वस्ताद

मंजे कंबर तेवढी खरी. आजोबा पण कंबरच घ्यायचे, पोटदुखीवाल्याला सरळ दवाखान्यात धाडायचे.

ठाण्याची_फिजिओ

वस्ताद, तुमचे आजोबा आमच्या काही सहकाऱ्यांपेक्षा शहाणे होते.

वैद्य_सातारकर, १९३८ च्या कायद्यावर वेगळा धागा काढा ना. नोंदणी मागताना वैद्यांमध्येही 'शुद्ध' आणि 'मिश्र' अशी भांडणं झाली होती ना? ती वाचायला आवडतील.

वैद्य_सातारकर

झाली होती, आणि या पामर बापलेकांना लाजवतील अशी. काढतो धागा. दिवाळीचा फराळ उरकू दे.